रातपाळीचे खेळ

उधन्यात भाड्याने जागा बघायला आलेला जुना सुरतकर आधी विचारतो, खाली लूम चालतात का. पाण्याची वेळ, लाईटबिल, डिपॉझिट हे सगळं नंतर. आम्ही सांगलीहून आलेलो, आम्हाला हा प्रश्न सुचणंच शक्य नव्हतं. पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये नवऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही सामान टाकलं ते थेट एका खात्याच्या डोक्यावर. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रात्री कान टेकला की उशीतून खटखट ऐकू येई, आणि वीज गेली की त्या शांततेनंच जाग येई.

त्या घरात मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि २०१८च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. मुलगी अडीच वर्षांची. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, माझ्या आईला घर सोडून येणं शक्य नव्हतं. नवरा सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर पडे तो रात्री उगवे. नुसतं पडून राहणं कुणालाही जमेल. अडीच वर्षांच्या पोरीच्या शेजारी पडून राहून बघावं! ती पलंगावर चढते, उतरते, पोटावर बसायला येते, दाराची कडी हलवते, आणि दर पाच मिनिटांनी विचारते, आता काय करायचं.

मोबाईल होता, आणि तो दिलाही. पण बॅटरीपेक्षा मुलीचा मूड आधी संपायचा.

समोरच्या खोलीतल्या मावशी पहिल्यांदा आल्या त्या साखर मागायला. मी उठायला लागले तर उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “कसाले उठस? पडी ऱ्हाय.” स्वतःच डबा शोधला, वाटी भरली, मला दाखवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या साड्यांचं गाठोडं घेऊन. आमच्या दारात उजेड चांगला येतो, असं त्यांनी कारण सांगितलं. ते खरंही होतं.

आपल्याकडे असलं नातं लगेच मागच्या जन्माशी जोडून टाकतात. माझं देणं याच जन्मातलं आहे आणि त्याला दर होता, साडीमागे. मावशी धागा कटिंग करत. एम्ब्रॉयडरीचं मशीन एक फूल भरून झालं की धागा न तोडता पुढच्या फुलावर उडी मारतं, त्यामुळे साडीच्या मागच्या बाजूला फुलाफुलांमध्ये सैल धागे लोंबत राहतात. ते एकेक करून छोट्या कटरने कापायचे, कापडाला चीर जाऊ न देता. चीर गेली तर साडीचे पैसे कापले जातात. सुरतेच्या रिंग रोडवरच्या मार्केटांतून देशभर जाणाऱ्या साड्यांच्या मागे हे काम असतं, आणि ते लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोलीच्या खोल्यांमध्ये बायका करतात. त्यातल्या फार जणी खानदेशातल्या, ताप्ती लाईनच्या गाडीने आलेल्या. मावशी अमळनेर तालुक्यातल्या. म्हणजे माझ्या मुलीला दिलेला त्यांचा प्रत्येक तास हा न कापलेल्या साड्यांचा तास होता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यांना तर पै-पैसकट कळत होतं.

त्यांनी पहिली गोष्ट दिली ती चिंध्यांची पिशवी. सुरतेतल्या चिंध्या म्हणजे एक पाठ्यपुस्तकच आहे. जॉर्जेट, शिफॉन, साटीन, नेट, ब्रासो, आणि ज्याला इथे वेटलेस म्हणतात तो हवेसारखा कपडा. तळहाताएवढे तुकडे, प्रत्येक जातीचे दोन. मावशींनी ते माझ्या पांघरुणावर, पायांच्या उतारावर मांडले. मुलीला म्हणाल्या, याचा भाऊ शोध. पहिले काही दिवस ती रंगावरून जोड्या लावत होती. मग मावशींनी सगळे पांढरे तुकडे काढले. मग ओढणीने डोळे झाकले. मला हलायचंही नव्हतं. माझे पाय म्हणजे टेबल. साटीन कळायला सोपं, गार आणि निसरडं. जॉर्जेट आणि शिफॉन यांच्यात ती फार घोटाळायची. एकदा तिने दोन्ही तुकडे गालाला लावले, मग ओठांना, आणि बरोबर जोडी काढली. बोटांपेक्षा ओठांना जास्त कळतं हे तिने स्वतः शोधलं. मावशींनी “हं” म्हटलं आणि पुढचा धागा कापला. शाब्बासकी देण्याची त्यांना सवयच नव्हती. मला आधी ते कोरडं वाटलं. नंतर लक्षात आलं, की मुलगी वर बघून कौतुकाची वाट बघायची थांबली होती आणि नुसतं कापड बघत होती.

डिसेंबर लागला तशी पापडी आली. कतारगामची पापडी ही सुरतेची शान. उंधियू तिच्याशिवाय होत नाही आणि नुसत्या तेल-ओव्यात वाफवलेली तर मला उंधियूपेक्षा आवडते. ती सोलायला वेळ लागतो. शिरा काढायच्या, शेंग उघडायची, दाणा किडका आहे का बघायचं. अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याला आणि तर्जनीला यापेक्षा चांगलं काम कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. मावशी शेंगेच्या टोकाला नखाने एवढीशी चीर देऊन ठेवत, पुढचं तिचं. दोन दाण्यांच्या शेंगा इकडे, तीन दाण्यांच्या तिकडे. मोजणं असं कोणी शिकवलं नाही. चार दाण्यांची निघाली की ती घेऊन माझ्या तोंडासमोर धरायची. मावशींचा नियम एकच पण कडक होता: दाण्याचं काम चालू असेपर्यंत मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि उठायचं झालं तर आधी दाणे उचलायचे. या वयात दाणा तोंडात जातो, नाकात जातो, आणि नाकात गेलेला दाणा फुगतो. साडीवर चिकटवायच्या टिकल्या आणि स्टोन तर त्या आमच्या घरात आणतच नसत, त्यांच्याकडे त्याचं काम आलेलं असलं तरी.

एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटली होती. पापडीचे दाणे त्या ताटात टाकू देत नसत, चार घड्या घातलेल्या जुन्या टॉवेलवर टाकायला लावत. भांड्यांचा खेळ, झाकणांचा खेळ, चमचे आपटणं, लहान मुलांच्या घरात पहिल्यांदा जे सुचतं ते त्यांनी कधीच दिलं नाही. आणि मुलीशी त्या नेहमी कुजबुजत बोलत. खाली वीसेक लूम खटखटत असताना या बाईचा आवाज गाठोड्यापलीकडे जात नसे. मला वाटायचं, माझ्या आजारपणाचा मान राखतात.

पाण्याचा खेळही असाच मुका. माठाखालचं थोडं पाणी एका वाडग्यात, स्पंजचा तुकडा, दुसरा वाडगा, खाली गोणपाट. स्पंज बुडवायचा, न ठिबकवता पलीकडे न्यायचा, पिळायचा. सगळं पाणी पलीकडे गेलं की परत अलीकडे. मनगट फिरवून पिळणं लहान मुलांना अवघड जातं. ती आधी नुसती मुठीत दाबायची. काही दिवसांनी मनगट वळायला लागलं, आणि त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या चड्डीचं बटण काढलं. दुपारी ऊन गॅलरीत आलं की रंगाचा जुना ब्रश आणि कपभर पाणी. फरशीवर चित्र काढायचं, ते वाळून नाहीसं व्हायचं, पुन्हा काढायचं. पुसायला कोणी नको, वाळवायला कोणी नको. सुरतेच्या डिसेंबरातल्या उन्हाला तेवढा दम असतो.

रुमालाच्या घड्या झाल्या. मावशींनी रुमालावर खडूने रेघ मारली, काठाला काठ लाव म्हणाल्या. शेवटी आमच्या घरातले सगळे पंचे, नॅपकिन आणि नवऱ्याचे रुमाल समोसे झाले. पट्ट्यांचा दवाखाना झाला: मी पेशंट, ती डॉक्टर, लेसच्या पट्ट्या ही बँडेजं. हा खेळ मी आजही कुठल्याही थकलेल्या आईला डोळे झाकून सांगेन, कारण यात आईने डोळे झाकून पडणं हीच भूमिका असते. तिने माझ्या दोन्ही हातांना, पायांना, एकदा कानाला पट्ट्या बांधल्या. गाठ मारता येत नव्हती म्हणून नुसतं गुंडाळून टोक आत खोचायची. ते खोचणं मावशींनी दाखवलं होतं, नेसलेल्या साडीच्या निऱ्या खोचताना.

मावशी एका वेळी एकच वस्तू देत. मुलगी कंटाळण्याच्या थोडं आधी ती काढून घेत आणि गाठोड्याखाली घालत. “उद्या.” रडली तर रडू देत, पण तेही फार नाही, लगेच दुसरं काही तिच्या हातात येई. कंटाळल्यावर काढलेली वस्तू मुलाच्या मनातून उतरते, आधी काढलेली मनात राहते, हे त्यांनी मला असं सांगितलं नाही. मी बघितलं.

आमची घरमालकीण, बा, वरच्या मजल्यावर राहायची. तिने तरुणपणी पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा कोर्स केलेला, काही वर्षं शिक्षिकेची नोकरी केलेली. एकदा खाली आली तेव्हा पांघरुणावरचा चिंध्यांचा बाजार बघून ती बराच वेळ उभी राहिली, आणि संध्याकाळी जुन्या पातळ पुस्तिका आणून दिल्या, गिजुभाई बधेकांच्या. गुजराती वाचायला मी दुकानांच्या पाट्यांवर शिकले होते. या पुस्तिकांनी ते पक्कं केलं. पडून राहिलेल्या बाईला एका पुस्तकाच्या नावानेच जिंकलं: ‘मा-बाप थवुं आकरुं छे’. आई-बाप होणं अवघड आहे असं मुखपृष्ठावरच छापणारा माणूस मला आपला वाटला. दुसऱ्याचं नाव तर ‘आ ते शी माथाफोड!’

गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं या विचारात मारिया माँटेसरींची पुस्तकं त्यांच्या हाती पडली आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू झालं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. गिजुभाईंच्या मिशा आणि त्यांना मिळालेलं ‘मूछाळी मा’ हे नाव सगळ्या गुजरातेला माहीत आहे. त्यांच्या बरोबरीने राबलेली मराठी बाई महाराष्ट्रातसुद्धा निम्म्या लोकांना माहीत नसते, याचा मला थोडा राग आहे. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. ताराबाईंनी १९३६ मध्येच दादरला शिशुविहार सुरू केला होता, १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि १९५७ मध्ये सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर गेला. सुरतेहून मुंबईला जाताना उंबरगाव सुटलं की घोलवड येतं, चिकूच्या वाड्या दिसतात. त्याच भागात ही टेकडी आहे. म्हणजे माझं उधना आणि त्यांचं कोसबाड एकाच लोहमार्गाला लागून.

माँटेसरींच्या साहित्यात कापडांच्या जोड्यांची एक पेटी असते. मखमल, रेशीम, लोकर, डोळे बांधून स्पर्शाने जोडी लावायची. आमच्या पांघरुणावर जे चाललं होतं ते अक्षरशः हेच. घड्यांसाठी रेघ शिवलेले रुमालही त्यात असतात. रोममधल्या बालगृहात तीन वर्षांच्या एका मुलीने लाकडी दंडगोल भोकात बसवण्याचा खेळ सलग चाळीसपेक्षा जास्त वेळा केला, तिला खुर्चीसकट उचललं तरी थांबली नाही, हे माँटेसरींनी लिहून ठेवलंय. स्पंज इकडून तिकडे नेणाऱ्या माझ्या मुलीला बघताना मला ती मुलगी आठवे. पण ते साहित्य आपल्याकडे महाग पडतं, ही अडचण भावनगरलाच लक्षात आली होती. बोर्डी-कोसबाडला तर शिंपले, खडे, बिया, पानं यांच्यावरच शाळा उभी राहिली. मुलं शाळेत येत नाहीत तर वाडीतल्या अंगणात शाळा भरव. गुरं राखायला जातात तर कुरणात भरव. कुरणशाळा हा शब्द मला फार आवडतो. आणि थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळतात म्हणून घरी राहतात हे दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीने धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा नुसती हुशारी म्हणून आवडली. तिची किंमत मला पुढे कळली.

मी मावशींना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात हे. त्या हसल्या. “आठे कोण शिकाडस?” इथे कोण शिकवतंय!

मार्चमध्ये मुलगा झाला, सुखरूप. बारशाला मावशींची थोरली मुलगी आली, दिंडोलीहून. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, बोलायला मोकळी, मराठी शाळेत शिकलेली म्हणून अहिराणीवरून सहज माझ्या मराठीवर येणारी. सगळे जेवत असताना माझी मुलगी कोपऱ्यात बसून पाहुण्यांना दाखवण्यासाठी ओढणी बांधून चिंध्या लावत होती. थोरलीने ते बघितलं आणि घास हातात तसाच ठेवून आईकडे वळली.

“आई, हे तू हिला दिलंस?”

“मंग. तुनंच शे ते.”

तुझंच आहे ते. मी कोणाचं काय ते विचारलं, आणि मग त्या दुपारी भांडी घासता घासता थोरलीने सांगितलं.

लिंबायतमध्ये एक खोली होती. बाप लूमवर, रातपाळीला. रात्री आठला जायचा, सकाळी आठला यायचा, खाऊन झोपायचा ते दुपारी चारपर्यंत. त्याच खोलीत. आई नऊला दुसऱ्या खात्यात बॉबीन भरायला जायची. मागे राहायची ही, आणि दोन भाऊ, एक चार वर्षांचा, एक दीड वर्षाचा. बाहेर गल्ली अरुंद, टेम्पो, गटार उघडं. धाकट्याला सोडायची सोय नव्हती. म्हणजे झोपलेल्या बापाच्या पायाशी दोन पोरं सात-आठ तास न आवाज करता ठेवायची.

“भाऊ रडला की बाप उठायचा,” ती म्हणाली. “आणि बाप उठला की मार मला. तो वाईट नव्हता, ताई. बारा तास उभा राहिलेला माणूस तो. पण मारायचा.”

म्हणून भांडी नाहीत. म्हणून दाणे टॉवेलवर. चिंध्या आई खात्यातून आणायची, थोरली शेजाऱ्यांकडूनही मागून आणायची. कापड पडलं तरी आवाज होत नाही. पाण्याला आवाज नको म्हणून स्पंज, तोही बापाच्या जुन्या गादीतला. डोळे झाकून जोड्या लावायचं का, तर डोळे झाकले की चार वर्षांचा आपोआप गप्प बसतो. दवाखान्याचा खेळ का, तर धाकट्याला पेशंट केला की तो झोपून जायचा. वस्तू कंटाळण्याआधी काढून घ्यायची, कारण कंटाळला की तो ओरडणार. एकेक खेळ मारातून शिकलेला.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक शिक्षक वर्गात पहिल्याच दिवशी शांतीचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं गोंधळ घालून त्याचा पार फज्जा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन गोष्ट सांगायला बसतो. लिंबायतच्या खोलीतल्या शिक्षिकेला असा दुसरा दिवस मिळण्याची सोय नव्हती. तिचा शांतीचा खेळ पहिल्याच दिवशी जमायला हवा होता. ती दहा-अकरा वर्षांची होती.

मी विचारलं, शाळा?

शाळा होती, महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा आजही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा कितीतरी भाषांमधून चालतात. शहर कोणाच्या हातांवर चालतं ते त्या यादीवरून समजतं. थोरली दुपारच्या शाळेत जायची, बाप लवकर उठेल त्या दिवशी. नाही उठला तर नाही. तरी पाचवीपर्यंत आली. मग सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला.

सुरतेबाहेरच्या लोकांना त्या प्लेगची आठवण म्हणजे तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांचे फोटो. इथल्यांना आठवतं ते स्टेशन. बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली; टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, डॉक्टरसुद्धा पळाले. थोरलीला आठवतं ते उधना स्टेशन, कडेवर धाकटा, भुसावळकडे जाणारी गाडी आणि तिच्या दारात लोंबकळणारी माणसं. गावी पोचल्यावर सुरतेहून आलेत म्हणून आठ दिवस गोठ्यात ठेवलं. दिवाळीनंतर परत आले तेव्हा आईचं आधीचं काम गेलेलं, नवीन खातं लांब. धाकट्यांना बघायला दिवसभर कोणीतरी हवंच होतं. शाळेतलं नाव कमी झालं होतं आणि ते पुन्हा घालायला कोणी गेलं नाही. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, शहर धुऊन निघालं, आणि काही वर्षांतच ते देशातल्या स्वच्छ शहरांमध्ये गणलं जाऊ लागलं. सुरतकर हे अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान खोटा नाही. शाळेतून गळालेल्या पोरींची मोजणी मात्र कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिला मी ताराबाईंच्या पाळणाघराबद्दल सांगितलं, थोरल्या मुलींसाठी केलेल्या. तिने विचारलं, कुठे आहे. मी म्हटलं, डहाणूकडे. “जवळच की,” ती म्हणाली आणि पुढचं पातेलं घेतलं.

मावशींना पैसे द्यायचे हे मी ठरवलं होतं आणि त्या घेणार नाहीत असं नवऱ्याने ठरवलं होतं. त्यांनी घेतले. पाकीट उघडून माझ्यासमोर मोजले, जास्तीचे परत केले. कसला हिशोब हे विचारल्यावर म्हणाल्या, गाठोडी अर्धी परत द्यावी लागली त्या दिवसांचा. तेवढंच त्यांचं बुडलं होतं, तेवढंच घेतलं. बाकी दिवस त्या तशाही कापतच होत्या, पोरगी समोर होती एवढंच. या हिशोबात मला दया दाखवायला कुठे जागाच उरली नाही, आणि ते मला बरं वाटलं. थोरलीचं काय करायचं हे मात्र कुठल्याच हिशोबात बसेना. तिची मजुरी कोणी ठरवलेलीच नव्हती.

मुलगा मोठा होऊ लागला तसा मी त्यालाही चिंध्या दिल्या. त्याने त्या गॅलरीतून खाली टाकल्या. पापडीचे दाणे त्याला सोलायचे नव्हते, फेकायचे होते. प्रत्येक पोरावर एकच औषध चालत नाही हे लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्या एखाद्या दमलेल्या आईला वाटायचं की आपल्याच घरात काही बिघडलंय. त्याला जमला तो एकच खेळ: पाठीवर पडून खालच्या खात्याचे आवाज ओळखणं. कुठली लूम बंद पडली, कोणी शटर ओढलं, बीम उतरवतायत का. याच्यात तो माझ्यापेक्षा पुढे गेला. मीही पडून राहायची. दिवसभराच्या कामानंतर पडून राहायला कारण कशाला लागतं.

गेल्या वर्षी थोरली कागदांची पिशवी घेऊन आली. तिला उशिरा झालेली एक मुलगी आहे. तिचा पहिलीचा आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालचा अर्ज भरायचा होता. खाजगी शाळांत पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, बँकेचं पासबुक, सगळं तिने क्रमाने लावून आणलेलं. अर्ज ऑनलाईन, गुजरातीत. मी भरत गेले, ती मागे उभी राहून एकेक अक्षर ताडून बघत होती. दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. आईचं शिक्षण या रकान्याशी आम्ही दोघी थांबलो. “पाचवी नापास लिहू नका,” ती म्हणाली, “परीक्षाच कुठे दिली मी. चौथी पास लिहा.” चौथी पास लिहिलं.

पहिल्या फेरीत नंबर लागला नाही. दुसऱ्या फेरीत शाळा बदलून टाकल्या आणि एक लागली, घरापासून जराशी लांब. मावशींना आता धागा दिसत नाही, कटिंग सुटलं आहे, त्या दिंडोलीलाच लेकीकडे राहतात. नातीला सोडणं-आणणं त्यांच्याकडे. मध्यंतरी त्यांचा फोन आला. शाळेने चिठ्ठी दिली होती आणि ती त्यांनी बाजूच्या पोराकडून वाचून घेतली होती. ॲक्टिव्हिटीसाठी घरून वेगवेगळ्या कापडाचे छोटे तुकडे आणायचे, प्रत्येकाचे दोन.

हे कशाला लागतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, विकत आणायचे का घरातले चालतील, आणि वेटलेस टाकू का नको, कारण ते पोरांना लवकर ओळखू येत नाही.